उलटा केक

साखर वितळते आणि गप्प बसते.
मधाचं तसं नाही, तो आधी जळायला बघतो,
म्हणून आच वीस अंशांनी उतरवायची,
दूध दोन चमचे कमी, सोडा चिमूटभर.
हे मला कुणी शिकवलं नाही.
तीन काळे केक शिकवून गेले.

बाहेर सेहेचाळीस. ओव्हनमध्ये एकशे साठ.
मधल्या जागेत मी
आणि ओट्यावर चार बाटल्या, माझ्या अक्षरातल्या:
‘काटोल, फेब्रुवारी’, संत्र्याच्या बहराचा,
झाकण काढलं की आधी फूल येतं, मग गोडी;
‘करंज’, फिका, कुणाशीही जमवून घेणारा;
‘कडुलिंब’, ज्याच्या शेवटी जीभ जरा थबकते,
उसने पैसे मागण्याआधी झाडेबाई थबकतात तशी;
आणि चौथी, काळपट, धुराच्या वासाची.
तिच्यावर फक्त ‘सोमजी’.
बुधवार बाजारात विचारलं होतं, कशाचा हो हा?
म्हणाला, ‘जंगलात जे फुललं त्याचा, बाई.
माशीले विचारता येते का?’
आग्याचं मोहोळ होतं. उजवा हात सुजलेला,
नोटा मोजताना बोटं मिटत नव्हती.
मी भाव केला नाही.
म्हणजे, खरं सांगायचं तर,
हात दिसायच्या आधी केला होता.

पारशिवनीकर मॅडमनी थंडीत एक बाटली परत पाठवली होती.
‘साखर घातलीय, तळाशी बसलीय बघा.’
मी ती कोमट पाण्यात उभी ठेवली,
तासाभरात तळ मोकळा झाला.
फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.
आज त्यांचीच ऑर्डर.
आंब्याचा केक, बिनसाखरेचा, सहा वाजता.

तळाशी लोणी, त्यावर कडुलिंबाचा मध,
कारण बैंगनपल्ली फारच गोडबोल्या,
त्याला कुणीतरी टोकणारं हवं.
मग फोडी, टोकाला टोक लावून,
फटींत फालसे, सीताबर्डीच्या गाडीवरचे,
पुडीला जांभळे डाग पाडत आलेले.
वर रवा, कणीक, दही, सोमजीचा एक चमचा.
शिजेल तेव्हा वर असलेलं खाली जाईल,
खालचं वर येईल.

तीन दहाला लाइन गेली.

दार उघडायचं नाही, एवढा एकच नियम.
पंखा थांबला, कूलर थांबला,
शेजारचा टीव्ही एका वाक्यात मधेच थांबला,
आणि मग ती गुणगुण.
आधी वाटलं, ओव्हन. मग वाटलं, माझेच कान.
खिडकीत जाऊन पाहिलं तर
कूलरच्या वाळ्याच्या ताटीवर माश्या,
चाळीस-पन्नास,
ओल्या काड्यांना तोंड लावून.
ओट्यावर चार बाटल्या, एक तर उघडीच,
एकही तिकडे फिरकली नव्हती.
किती दिवस येत असतील?
पंप चालू असताना ऐकूच येत नाही काही.

ताटी कडेकडून वाळत आली.
मी मगाने पाणी सोडलं, वरून, हळू,
काही उडाल्या, परत बसल्या.
एक मनगटावर उतरली.
सोमजीची बोटं आठवली मला.
हात तसाच ठेवला, मग तिलाच कंटाळा आला.

चारला लाइन आली.
केक मधोमध खचलेला.
उलटा केला तेव्हा खड्डा खाली गेला,
वर आंबा, चकचकीत, काही घडलंच नाही असा.
ताट उचललं की कळायचं, मधे पोकळ आहे.
सांगावं की नाही, यात जिना उतरले.
सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘चालतं हो.’

रात्री मेसेज: शेवटी किंचित कडू का लागतंय?
मी ‘कडुलिंब’ लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
निळ्या खुणा.
मग ऑर्डरच्या वहीत, त्यांच्या नावाखाली:
उद्या सकाळी ताटीवर पाणी,
लाइन असो, नसो.